तापलेलं भांडं लाल दिसत नाही

जेवणं झाली, केळीची पानं गाईला घातली, आणि आम्ही दोघं नवरा-बायको तिण्णैवर, म्हणजे घरापुढल्या ओट्यावर, येऊन बसलो. दिवे नुकते लागले होते. तिनं वाटीतून बर्फाचे दोन खडे काढले, आवळ्याएवढे, दोन्ही सारखे. एक माझ्या हातावर ठेवला, एक आपल्या जिभेवर.

"चला," म्हणाली.

ही आमची शर्यत. खडा चावायचा नाही, गिळायचा नाही, बोलायचं नाही. ज्याचा आधी विरघळला तो हरला. चार वर्षं रोज संध्याकाळी आम्ही ही शर्यत लावीत होतो आणि चार वर्षं तीच हरत होती. तिच्या तोंडात जाळ होता म्हणून नव्हे. डॉक्टरनं काचेची नळी घालून पाहिली होती, उष्णता तुमच्या-माझ्याएवढीच. ती हरायची कारण तिला गप्प बसवत नसे.

त्या दिवशी समोरच्या घरातली बाई आपल्या शेळीला शिव्या देत होती. शेळीनं वाळत घातलेलं धोतर खाल्लं होतं. बाई शेळीला म्हणत होती, "तू माझ्या सासरचीच ग, त्यांच्यासारखीच खातेस!" मी ओठ घट्ट मिटले. हिच्याकडे पाहिलं. हिचे गाल फुगले, डोळ्यांत पाणी आलं, आणि मग फस्सकन हसली. खडा उडून अंगणात पडला.

"हरलीस," मी म्हटलं.

"शेळीनं हरवलं. उदईक बघते तुम्हाला."

बस. आम्ही दोघांनी मिळून केलेली शेवटची गोष्ट ती. निजली ती सकाळी उठली नाही. हे आधीच सांगून टाकतो, मला गोष्ट झाकून ठेवून सांगता येत नाही. पण मला सांगायचं आहे ते मरणाचं नाही. मरण सगळ्यांनाच येतं, त्यात सांगण्यासारखं काय आहे? मला सांगायचं आहे ते तिच्या तोंडाचं. कारण तिचं तोंड जळतं हे खरं आहे, हे कुंभकोणात सगळ्यांच्या आधी मला कळलं. आणि सगळ्यांच्या आधी तिला खोटी ठरवली तीही मीच.

मी कल्हईवाला. आमचे पूर्वज तंजावरच्या राजवाड्यात मुदपाकखान्याची भांडी कल्हई करीत, असं वडील सांगत. राजे गेले, मुदपाकखाना गेला, भाता तेवढा आमच्याकडे राहिला. शाळा मी चौथीपावेतो केली, तीही तमिळ. मराठी अक्षरं वडिलांनी कोळशानं फरशीवर काढून शिकवली. म्हणून अक्षर वाकडं आहे. धंदा मात्र सरळ. भांडं तापवायचं, नवसागर टाकायचा, पांढरा धूर उठला की कथलाची काडी फिरवायची आणि कापसाच्या बोळ्यानं झरझर पुसायचं. भांडं आतून चंद्रासारखं होतं. कल्हई उडालेल्या पितळेत चिंचेचं काही शिजवलं की ते कळकतं, हिरवं होतं, आणि तोंडाला पितळ लागतं. कल्हईवाल्याची अब्रू एवढीच, की त्याच्या हातच्या भांड्यातलं कुणाच्या तोंडाला पितळ लागू नये.

आणि एक दिवस माझी बायको रसम् चाखून पळी खाली ठेवते आणि म्हणते, "अहो, तोंडाला पितळ लागतंय."

सोनाराला त्याच्या बायकोनं सांगावं की माझ्या गळ्यातलं तांबं आहे, तैसं झालं मला.

मी भांडं उचललं, उजेडात धरलं. आत ओरखडा नाही. तरी पुन्हा कल्हई केली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग पातेली केली, तपेल्या केल्या, पाणी प्यायचे तांबे केले, पूजेची पळीसुद्धा सोडली नाही. आठ दिवस गिऱ्हाइकाचं काम बाजूला ठेवून घरचीच भांडी भट्टीवर घातली. ती म्हणाली, "नुसतं पितळ लागत नाही हो. जळतं. जिभेचं टोक, ओठांच्या आतून, वर टाळूला. सकाळी उठते तेव्हा काही नाही. दहाच्या सुमाराला मुंग्या चावल्यासारखं. दुपारी मिरची चावल्यासारखं. दिवेलागणीला निखारा."

"जीभ दाखव."

तिला उन्हात आणून उभी केली. गिऱ्हाइकाचं भांडं पाहतो तैसं तिचं तोंड पाहिलं, खालचा ओठ ओढून, जीभ उचलायला लावून. फोड नाही, लाली नाही, चीर नाही. लहान पोराच्या जिभेसारखी गुलाबी, स्वच्छ जीभ.

"काही नाहीये."

"आहे हो."

"दिसत नाहीये!"

"दिसत नाही. आहे."

त्या वेळी तिची पन्नाशी सरली होती. मुलं नव्हती आम्हाला. घरात आम्ही दोघं आणि माझी थोरली बहीण, अक्का. अक्का लवकर विधवा होऊन आमच्याकडे आलेली, मनानं वाईट नाही, पण जिभेला हाड नाही. तिनं तीन लाल मिरच्या आणि मीठ उतरून चुलीत टाकलं, दृष्ट काढली. मग कार्तिकातल्या अवसेला तिला तिरुविसनल्लूरला घेऊन गेली. तिथल्या मठाच्या विहिरीत त्या दिवशी गंगा येते म्हणतात. पहाटे रांगेत उभ्या राहून दोघींनी अंगावर पाणी घेतलं, हिनं चूळभर तोंडातही धरलं. अक्का एक गडू भरून, तोंडाला मेण लावून, घरी घेऊन आली.

"काही फरक?" मी विचारलं.

"पाणी तोंडात होतं तेवढा वेळ बरं वाटलं," ही म्हणाली.

अक्का म्हणाली, "म्हणजे गंगेचा गुण आहे, हिचाच विश्वास कमी. अग, तोंड जळतं ते तोंडानं केलेल्या पापानंच. सासूला उलट बोलली असशील."

"सासूबाई माझ्या लग्नाच्या आधीच गेल्या, वन्सं."

"मग मला बोलली असशील."

ते पाण्याचं बोलणं मी ऐकलं आणि सोडून दिलं. किती मूर्ख! पण ऐका पुढं.

गल्लीत बोलबाला झाला. कल्हईवाल्याच्याच बायकोचं तोंड जळतं! एका बाईनं आठ दिवसांपूर्वी नेलेलं पातेलं परत आणलं आणि माझ्यापुढं आदळलं. "तुमच्या घरातच बोंब आहे म्हणे. मग आम्ही काय करावं?" माझ्या डोक्यात रक्त चढलं. त्या संध्याकाळी मी घरच्या रोजच्या रसमच्या भांड्यात चिंचेचा कोळ कालवून ठेवला, आंबटढाण. रात्रभर राहू दिला. सकाळी भांडं दुकानापुढं आणलं, गल्ली गोळा केली. दूधवाला, फुलवाली, ते पातेलं आदळणारी बाई, सगळे. पेला भरला, वर धरून दाखवला. पाण्याला हिरवा डाग नाही. आणि गटागटा प्यायलो. दुसरा पेला पातेलंवालीला दिला. तिनं भीत भीत ओठ लावला.

"पितळ लागतंय?"

"नाही."

"कळकलंय?"

"नाही बाबा."

लोकांनी माना डोलावल्या. मला असा जोर चढला की बोलून गेलो, "भांडं खरं आहे! मग खोटं कोण ते तुम्हीच समजा!"

ही दारात उभी होती. कुणी हसलं. तिनं दार लावून घेतलं. आपटलं नाही, हळू लावलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

त्यानंतर ती जळण्याचं बोलली नाही. सात-आठ महिने एक शब्द नाही. मला वाटलं, बघ, गेलं सगळं, सोंगच होतं. अक्काच्या सांगण्यावरून तिनं सोमवारचे कडक उपास धरले, दिवसभर पाण्याचा थेंब नाही. सोमवारी संध्याकाळी तिचा चेहरा असा होई की बघवत नसे. मी विचारीत नसे. विचारलं तर खरं ऐकावं लागलं असतं.

मग तो दिवस. दुपारी बाराचा सुमार. भट्टी पेटलेली, दोन पितळी घागरी वर, आणि घरातून अक्काची हाक, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी.

"अरे ये, ये लवकर! बघ तुझी पतिव्रता काय करत्ये!"

मी सांडशी हातात घेऊनच आत धावलो. स्वयंपाकघरात, रगड्याच्या मागं, जमिनीवर बसून ही ताकभात खात होती. घास तोंडात. मी जेवलो नव्हतो. आमच्यात, आमच्याच काय साऱ्या गावात, बायको नवऱ्याच्या आधी जेवत नाही. चौतीस वर्षांत तिनं कधी माझ्या आधी घास घेतला नव्हता.

"भूक लागली होती तर सांगायचं," मी म्हटलं.

तिनं घास गिळला. "भूक नाही हो. खाताना जळत नाही."

"काय?"

"घास तोंडात असतो तेवढा वेळ थांबतं. गेला की पुन्हा. तुमची वाट बघत बसते ना, तो वेळ निघत नाही." मग तिनं कमरेला खोचलेला पदर सोडला आणि गाठ उघडून माझ्यापुढं धरली. विड्याच्या पानांचे देठ, चार दाणे कच्चे तांदूळ, सुपारीचं खांड आणि एक चिंचोका, चघळून चघळून काचेसारखा झालेला. "हे तोंडात ठेवते दिवसभर. चोरून."

अक्कानं टाळी वाजवली. "घ्या! जळतं म्हणते आणि जेवताना जळत नाही म्हणते! ज्याचं तोंड खरंच जळतं त्याला घास झोंबेल की नाही? लोणचं खाते ही, लोणचं!"

खरं सांगतो, मला अक्काचंच पटलं. ज्याला फोड आहे त्याला मीठ झोंबतं, हे कुणाला ठावं नाही? मी बाहेर आलो. डोकं भणाणलेलं. भट्टीवरची घागर उतरवून ठेवायची म्हणून हात घातला. उघडा हात! सांडशी आत स्वयंपाकघरातच राहिली होती. घागर दिसायला थंडगार, पिवळी, जशी दुकानात मांडलेली. पंचेचाळीस वर्षं भट्टीपुढं बसलेला कल्हईवाला आणि पहिल्या दिवशीच्या पोराची चूक! तळवा चर्रर झाला. बोंबलत मी हात पाण्याच्या बादलीत खुपसला.

पाण्यात हात गेला आणि आग थांबली.

बाहेर काढला, पुन्हा आग.

आत घातला, थांबली. बाहेर, आग. आत, थांबली.

तिसऱ्या वेळेला आठवलं. घास तोंडात असतो तेवढा वेळ थांबतं! पाणी तोंडात होतं तेवढा वेळ बरं वाटलं! मी घागरीकडं पाहिलं. लाल नाही, काळी नाही, धूर नाही, काही नाही. साऱ्या जन्मात मी पोरांना एकच शिकवलं, की कल्हईला तापलेलं भांडं लाल दिसत नाही, डोळ्यावर विश्वास ठेवू नका, पाण्याचा शिंतोडा मारा. आणि घरच्या बाईला उन्हात उभी करून म्हणत होतो, दिसत नाही, दिसत नाही! अरे माकडा!

हात बादलीत तसाच ठेवून, बादली दुसऱ्या हातानं उचलून, पाणी सांडत मी घरात धावलो. ओरडत होतो, "खरं आहे! खरं आहे!"

ती घाबरून उठली. "अय्यय्यो, हाताला काय झालं?"

"हात मरू दे! तुझं खरं आहे! तू खरं बोलतेस!"

तिनं माझ्याकडं पाहिलं, बादलीकडं पाहिलं. मी धापा टाकत सगळं सांगितलं, हात आत-बाहेर करून दाखवला. ती खाली बसली. तोंडावर पदर घेतला. मग पदराआडून म्हणाली, "एवढं कळायला हात भाजावा लागला?"

"लागला."

"मग आधीच भाजून घ्यायचा."

पण घरात म्हणून भागणार नव्हतं. खोटी मी तिला चारचौघांत ठरवली होती. हाताला खोबरेल आणि फडकं बांधलं आणि गल्ली गोळा केली, त्याच जागी, त्याच लोकांना. पातेलंवालीला घरी जाऊन बोलावून आणलं. म्हणाली, "आता काय प्यायला लावणार?" मी म्हटलं, "आज प्यायचं नाही, हात लावायचा आहे." हिला दारात उभी केली. दुसरी घागर अजून भट्टीवर होती, ती अक्का घरातून यायच्या आत सांडशीनं उचलून मधोमध ठेवली.

"अक्का, पुढं ये. ही घागर थंड आहे की तापलेली?"

अक्कानं वाकून पाहिलं. "थंड आहे. दिसतंच आहे."

"मग उचल."

ती हात घालणार तोच मी तिचं मनगट धरलं. लोट्यातलं पाणी घागरीवर मारलं. छस्स! वाफेचा असा लोट उठला की फुलवाली किंचाळून मागं सरली. अक्का पांढरीफटक पडली.

"मेल्या, हात जळाला असता माझा!"

"जळाला असता ना? पण दिसत तर काही नव्हतं!" मी एवढा ओरडत होतो की घसा बसला. "माझ्या बायकोच्या जिभेवर असंच काही दिसत नाही. त्या दिवशी मी म्हटलं भांडं खरं. भांडं खरंच होतं. आणि तीही खरी होती. दोन्ही खरी असू शकतात हे माझ्या टाळक्यात शिरलं नाही. खोटा मी!"

दूधवाला म्हणाला, "अण्णा, मग औषध काय?" ते मला ठावं नव्हतं.

औषधासाठी मोठ्या तळ्याकडल्या डॉक्टरांकडे गेलो. म्हातारे, जाड चष्म्याचे. त्यांनी तोंड पाहिलं, काचेची नळी घातली, मानेखाली दाबून पाहिलं, रक्त काढून तपासलं. मला बाहेर घालवून तिला बायकांचं काही विचारलं, पाळी केव्हा थांबली वगैरे. मग मला आत बोलावलं.

"फोड नाही, गाठ नाही," तमिळीत म्हणाले. "रक्त थोडं कमी आहे, त्याच्या गोळ्या देतो. पण गोळ्यांनी जळणं जाईल असं वचन देत नाही. असं होतं. बायकांना जास्त होतं, या वयात. मी आणखी पाहिल्या आहेत. पुस्तकात याला लांबलचक नाव आहे. नाव लांब असलं की समजा, औषध आखूड."

"कशानं होतं?"

"मला ठाऊक नाही. पुस्तकालाही नीटसं ठाऊक नाही. खोटं नाही, एवढं ठाऊक आहे."

ही इतका वेळ खाली मान घालून होती. आता एकच शब्द म्हणाली. "पुट्र?" तमिळीत वारुळालाही म्हणतात आणि कॅन्सरलाही. वर्षभर तो शब्द तिनं चिंचोक्यासारखा गालात धरला होता, आणि मला पत्ता नाही.

"नाही अम्मा. हे पुट्र नाही, आणि याचं पुट्र होतही नाही. यानं माणूस मरत नाही. त्रास मात्र देईल. काहींचा वर्षांनी जातो, काहींचा जात नाही."

ती हसली. दवाखान्यात, एवढ्या लोकांत, मोठ्यानं हसली! परतताना जटक्यात, म्हणजे घोडागाडीत, बसलो तर म्हणाली, "अहो, मोगरा घ्या." वर्षभर तिनं केसांत फूल घातलं नव्हतं.

आणि मग आम्ही कामाला लागलो. काय दिवस होते ते! मी रोज सकाळी उठून काही नवीन करून बघे. लवंग-कापराची दंतमंजनाची पूड बंद केली, नुसत्या मिठाच्या पाण्यानं चूळ. आठ दिवसांत ती म्हणाली, पावली कमी झालं. पावली! मी दुकानभर नाचलो. अननस सोडला, मिरी सोडली. कॉफी निवल्यावर प्यायची. कुंभकोणात थंड कॉफी! अक्का म्हणाली, "त्यापेक्षा भांडी धुतलेलं पाणी पी." मीही तिच्यासंगे थंडच पिऊ लागलो. पहिले आठ दिवस रडू आलं, मग सवय झाली.

जेवण बदललं. पहिला घास तिचा. दहा वाजता थोडं, बाराला थोडं, चारला थोडं, वाट कुणाचीच बघायची नाही. पहिल्या दिवशी तिच्या हातून घास उचलवेना. पानावर बसून माझ्याकडं बघत राहिली. "तुम्ही अगोदर घ्या ना, एक शीत तरी." मी पाठ फिरवून बसलो. तेव्हा कुठं जेवली. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी दुकानातून आलो तर ती अजून बसली नव्हती, कामात होती, आणि अक्का तिच्या अंगावर ओरडत होती, "अग जेव ना, दहा वाजून गेले! मग तोंड जळलं म्हणजे हा मेला पुन्हा मला घागर उचलायला लावील!"

आणि बर्फ. स्टेशनाजवळ बर्फाचं दुकान आहे. लाकडाच्या भुशात घोळलेला तुकडा गोणपाटात गुंडाळून मी दिवसाआड पळत घरी आणी. चालत आलं तर अर्धा वाटेतच जाई, म्हणून पळायचं, साठीचा माणूस धोतर खोचून बाजारातून पळतोय! लोक म्हणत, "अण्णा, आग लागली का?" मी म्हणे, "हो, घरात!" तिच्यासाठी एक लहान पितळी वाटी ठोकून घेतली आणि तिला तीन वेळा कल्हई चढवली. एका वेळेनं भागतं. पण चढवली.

गेलं का? नाही. डॉक्टर खरं बोलले होते. वाईट दिवस येत. कधी संध्याकाळी ती पळी भिंतीवर फेकी, कधी माझ्यावर. एकदा म्हणाली, "आज जीभ कापून द्या मला, भट्टीत टाका." त्या दिवशी मी काही उपाय सांगितला नाही. वाटी भरून शेजारी बसलो. पण पूर्वी ती जळत होती आणि एकटी होती. आता जळत होती आणि आम्ही दोघं होतो. या दोन्हींत किती फरक आहे ते जिला भोगावं लागलं तिनंच मला सांगितलं. माझं बोलणं नाही हे.

गंमत अशी, की बायका यायला लागल्या. आधी विड्याची पानं विकणाऱ्याची बायको आली, कल्हईचं निमित्त करून. भांडं माझ्यापुढं ठेवलं आणि हिच्या कानाशी लागली. मग त्या पातेलंवालीची आई. मग सुंदरपेरुमाळ कोयिलहून आगगाडीनं एक शेतकऱ्याची बायको. "माझंही जळतं. घरी कुणी ऐकत नाही." ही त्यांना तिण्णैवर बसवी, पहिल्यानं एकच विचारी, "खाताना थांबतं का?" थांबतं म्हटलं की म्हणे, "मग भिऊ नकोस, डॉक्टरला दाखव, आणि नवऱ्याला माझ्या नवऱ्याकडे पाठव." मी घागर तापवून ठेवी. सात नवऱ्यांना मी तो शिंतोडा मारून दाखवला. एकाचा हात मुद्दाम अंमळ उशिरा धरला.

आता ती सकाळ.

मी उठलो, ती उठली नव्हती. हात लावला. बाकी लिहीत नाही. अक्का ओरडली, गल्ली आली. ज्या बायका तिच्यापाशी जीभ दाखवायला येत त्याही आल्या. उपाध्ये आले. तिला न्हाऊ घालून, कुंकू लावून, बाहेरच्या खोलीत निजवली. आमच्याकडे मेलेल्या माणसाच्या तोंडात गंगाजल घालतात, मग घरच्यांनी चिमूट चिमूट तांदूळ घालायचे. अक्कानं तिरुविसनल्लूरचा गडू आणला, रडत रडत मेण खरवडलं. उपाध्ये म्हणाले, "चला, पहिलं तुमच्या हातून."

मी उठलो आणि बाहेर गेलो. मागून कुणी हाक मारली. धोतर खोचलं आणि पळालो. बाजारातून, तळ्यावरून, स्टेशनापावेतो. बर्फवाला फळी उघडत होता. नेहमीसारखा तुकडा गुंडाळला त्यानं. तसाच पळत परत. कुणीतरी विचारलं, "अण्णा, आग लागली का?" मी पळत राहिलो.

घरात आलो. तिची वाटी घेतली, बर्फ फोडला, दोन खडे निवडले, आवळ्याएवढे, सारखे. उपाध्ये म्हणाले, "हे काय? गंगाजल आधी." अक्कानं डोळे पुसले आणि म्हणाली, "थांबा हो. पहिला घास तिचा असतो."

एक तिच्या जिभेवर ठेवला. एक माझ्या. आणि तिच्याजवळ बसून राहिलो. चावला नाही, गिळला नाही, बोललो नाही. सगळं घर उभं होतं. माझा बारीक होत गेला, दाण्याएवढा झाला, मग नुसतं पाणी. तिचा अजून बोराएवढा होता.

"जिंकलीस ग," मी म्हटलं. मग तो खडा उचलून वाटीत ठेवला आणि गंगाजलासाठी अक्कापुढं हात केला.